बंद पडलेल्या सिस्टिमच्या आत शिरताना : बूट दुरुस्तीत रूट बदलतो म्हणजे नेमकं काय होतं

लिनक्सचा संगणक चालू केला, कंपनीचं चिन्ह झळकलं आणि मग काळ्या पडद्यावर दोन-चार ओळी येऊन सगळं थांबलं. कधी शेवटच्या ओळीत कंसात ‘इनिटरॅमएफएस’ असं लिहिलेलं असतं आणि पुढे कर्सर लुकलुकत असतो, कधी ‘ग्रब रेस्क्यू’ दिसतं, तर कधी थेट ‘कर्नल पॅनिक’ (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा). अशा वेळी बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा येतं ते सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करण्याचं. ती घाई करू नका. डिस्क धडधाकट असेल तर तुमच्या फायली, सेटिंग, टाकलेले प्रोग्राम असं सगळं जागच्या जागी असतं. बिघडलेलं असतं ते फार थोडं : एफएसटॅबमधली (कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी फाइल) एक चुकलेली ओळ, अर्धवट राहिलेला कर्नल अपडेट, नाहीतर दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने पुसून टाकलेला बूटलोडर, म्हणजे कर्नल मेमरीत आणणारा प्रोग्राम.

हे थोडंसं दुरुस्त करायची हत्यारंही त्या बंद पडलेल्या सिस्टिमच्याच पोटात असतात. तिचाच पॅकेज मॅनेजर, तिचाच बूटलोडर ग्रब, तिच्याच कॉन्फिग फायली. अडचण एवढीच की ती सुरूच होत नाही, मग ही हत्यारं चालवायची कशी? यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता चालणारी सिस्टिम असलेल्या पेनड्राइव्हवरून) दुसरी सिस्टिम सुरू करायची, बंद पडलेलीची डिस्क जोडायची आणि कर्नलला सांगायचं, ‘इथून पुढे माझ्यासाठी रूट म्हणजे हे.’ याला सीएचरूट करणं म्हणतात.

त्याच्या पायऱ्या सगळीकडे तयार मिळतात. लोक त्या चिकटवतात, चौथ्या-पाचव्या ओळीवर काहीतरी अडतं आणि मग पुढे काय ते कळत नाही. म्हणून इथे पायऱ्यांपेक्षा त्यांच्यामागची कारणं सांगण्यावर माझा भर आहे. कमांड आणि पत्ते उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप करताना मॅन्युअलमधलं स्पेलिंग घ्या.

रूट म्हणजे कर्नलमधली एक नोंद

युनिक्समध्ये सगळ्या फायली एकाच झाडाला लागलेल्या असतात आणि त्या झाडाच्या मुळाशी असतो स्लॅश. /ईटीसी/होस्टनेम असा पत्ता दिला की कर्नल स्लॅशपासून निघतो, तिथे ईटीसी शोधतो, ईटीसीच्या आत होस्टनेम शोधतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण स्लॅश ही डिस्कवरची एक ठरलेली जागा आहे असं आपण नकळत धरून चालतो आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

खरं म्हणजे कर्नल प्रत्येक प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, नावावर दोन नोंदी ठेवतो. ही प्रोसेस आत्ता कुठल्या डिरेक्टरीत आहे, ही एक. हिच्या दृष्टीने स्लॅश म्हणजे कुठली डिरेक्टरी, ही दुसरी. एका प्रोसेसने दुसरीला जन्म दिला की दोन्ही नोंदी जशाच्या तशा पुढे जातात. सगळ्या प्रोसेस मुळात प्रोसेस क्रमांक १ पासून जन्मलेल्या असल्यामुळे सगळ्यांचा स्लॅश एकच दिसतो आणि आपल्याला वाटतं की तो एकच असतो. लिनक्सवर हे डोळ्यांनी बघता येतं. /प्रॉकमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाची एक डिरेक्टरी असते आणि तिच्यात ‘रूट’ नावाची लिंक असते. ती लिंक जिकडे बोट दाखवते, तो त्या प्रोसेसचा स्लॅश.

सीएचरूट ही सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलला केलेली विनंती, यातली दुसरी नोंद बदलते आणि बाकी कशालाही हात लावत नाही. डिस्कवरचा एक बाइटही हलत नाही, कुठली सेवा सुरू होत नाही, कुठली थांबत नाही. फक्त ती प्रोसेस आणि तिथून पुढे तिची पोरं स्लॅश म्हटलं की नव्या जागी बघू लागतात. वर जायला दोन टिंबं दिली तरी नव्या मुळापाशी ती टिंबं पुन्हा त्याच मुळाकडे नेतात.

ही सोय १९७९ च्या व्हर्जन ७ युनिक्समध्ये होती. १९८२ मध्ये बिल जॉय यांनी ती बीएसडीत, म्हणजे बर्कली विद्यापीठातल्या युनिक्समध्ये, आणली ती ४.२बीएसडीची बांधणी आणि इन्स्टॉलेशन तपासून बघण्यासाठी. चालू सिस्टिमला धक्का न लावता दुसऱ्या सिस्टिमच्या झाडात तिचीच होऊन वावरता यावं, ही गरज तेव्हाही होती. आपणही दुरुस्तीत नेमकं हेच करतो.

रोजच्या बूटमध्येही रूट बदलतोच

रूट बदलणं ही फक्त आणीबाणीतली करामत नव्हे. आजच्या बहुतेक लिनक्स वितरणांत प्रत्येक सरळ, सुखरूप बूटमध्ये रूट एकदा बदलतोच. हे समजलं की बूट कुठे अडलंय ते पडद्याकडे बघून ओळखता येतं.

बायोस किंवा यूईएफआय, म्हणजे संगणकातलं फर्मवेअर, बूटलोडरला उठवतं. बूटलोडर, म्हणजे बहुधा ग्रब, दोन फायली मेमरीत आणतो : कर्नल आणि इनिटरॅमएफएस. दुसरी फाइल म्हणजे एक गठ्ठा. त्यात छोटंसं फाइलझाड असतं, मोजके ड्रायव्हर, मोजक्या कमांड आणि ‘इनिट’ नावाचा एक प्रोग्राम. कर्नल हा गठ्ठा मेमरीतच उलगडतो आणि त्यालाच स्लॅश मानून तो इनिट चालवतो.

हा वळसा घ्यावा लागतो कारण खरी रूट फाइलसिस्टिम उघडण्यासाठी लागणारा ड्रायव्हर त्याच फाइलसिस्टिममध्ये ठेवलेला असला तर तो वाचायचा कसा? त्यात डिस्क लक्स या एन्क्रिप्शनने कुलूपबंद असेल तर पासवर्ड विचारायला कुणीतरी हवं. एलव्हीएम (डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणारी व्यवस्था) असेल तर व्हॉल्यूम जागे करायला कुणीतरी हवं. ही सगळी कामं तो मेमरीतला छोटा संसार करतो. काम झालं की तो खरी फाइलसिस्टिम एका डिरेक्टरीवर जोडतो. इनिटरॅमएफएस बांधायला ड्रॅकट वापरणाऱ्या वितरणांत, म्हणजे फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात, ती असते /सिसरूट. डेबियन आणि उबुंटूच्या नेहमीच्या इनिटरॅमएफएसमध्ये ती असते /रूट.

मग येतो स्विच-रूट. तो मेमरीतल्या जुन्या झाडातल्या फायली पुसून मेमरी मोकळी करतो, खऱ्या फाइलसिस्टिमचा माउंट, म्हणजे जोडणी, उचलून स्लॅशवर आणून ठेवतो, त्यात सीएचरूट करतो आणि स्वतःच्या जागी खरा इनिट, म्हणजे बहुतेक ठिकाणी सिस्टमडी, उभा करतो. प्रोसेस क्रमांक १ तोच राहतो, प्रोग्राम बदलतो, रूट बदलतो. पिव्हट-रूट नावाची आणखी एक सिस्टिम कॉल आहे. ती जुना आणि नवा माउंट यांची अदलाबदल करते आणि कंटेनरवाल्यांना फार उपयोगी पडते. इनिटरॅमएफएसमधून बाहेर पडायला मात्र स्विच-रूटच लागतो, कारण मेमरीतला तो पहिला माउंट काढून टाकता येत नाही.

आता पडद्यावरच्या ओळींकडे पुन्हा बघा. कंसातलं ‘इनिटरॅमएफएस’ दिसतंय, म्हणजे कर्नल सुरू झालाय, गठ्ठा उलगडलाय, पण खरी रूट सापडली नाही किंवा जोडता आली नाही. तुम्ही अजून मेमरीतल्या छोट्या झाडात आहात. वरच्या ओळीत अमुक यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) अस्तित्वात नाही अशी तक्रार असेल तर डिस्कच दिसत नाहीये किंवा तिचा यूयूआयडी बदललाय. ‘एफएससीके हाताने चालवा’, म्हणजे फाइलसिस्टिम तपासणारी कमांड स्वतः द्या, असं लिहिलं असेल तर काम सोपं आहे. फाइलसिस्टिम अजून जोडलेली नाही, म्हणून याच शेलमधून (कमांड टाइप करायच्या जागेतून) ती तपासून घेता येते, लाइव्ह यूएसबीची गरजही पडत नाही. ‘ग्रब रेस्क्यू’ दिसलं तर कर्नलपर्यंत पोचलेलोच नाही. आणि ‘इमर्जन्सी मोड’ दिसला तर स्विच-रूट बहुतेक झालेला आहे, खरी रूट जोडलेली आहे, अडलंय ते पुढे. याचं नेहमीचं कारण म्हणजे एफएसटॅबमध्ये अशा डिस्कची ओळ जी आता जोडलेलीच नाही. सिस्टमडी तिची सहसा ९० सेकंद वाट बघतो आणि मग हात टेकतो. नसली तरी चालेल अशा डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय लिहिलेला असता तर ही वेळ आली नसती.

इमर्जन्सी मोड रूट वापरकर्त्याचा पासवर्ड मागतो. ज्या सिस्टिमवर ते खातं मुळातच बंद ठेवलेलं असतं तिथे ‘रूट अकाउंट इज लॉक्ड’ असं सांगून तोही दरवाजा बंद होतो. मग बाहेरूनच आत शिरावं लागतं.

बाहेरून आत : आधी जोडाजोडी

लाइव्ह यूएसबी निवडताना दोन गोष्टी बघा. ती तुमच्याच सिस्टिमच्या जातीची हवी : ६४ बिटची सिस्टिम ३२ बिटच्या कर्नलखाली चालणार नाही, ‘एक्झेक फॉर्मॅट एरर’ मिळेल. आणि ती फार जुनी नको, कारण नव्या फाइलसिस्टिममधल्या काही सोयी जुन्या कर्नलला कळत नाहीत आणि तो माउंट करायलाच नकार देतो. वितरण मात्र तेच असायला हवं असं नाही. फेडोराच्या यूएसबीवरून डेबियन दुरुस्त करता येतं, कारण एकदा आत गेलात की सगळ्या कमांड डेबियनच्याच असतात. तरीही त्याच वितरणाची, जवळपास त्याच आवृत्तीची यूएसबी हाताशी असेल तर तीच घ्या. एक शंका कमी होते.

बूटलोडरची दुरुस्ती करायची असेल तर यूएसबी सुरू करतानाच यूईएफआय पद्धतीने सुरू करा. यूएसबी जुन्या बायोस पद्धतीने सुरू झाली असेल तर /सिस/फर्मवेअर/ईएफआय ही डिरेक्टरी दिसणारच नाही आणि पुढे ग्रबची नोंद फर्मवेअरमध्ये करताना ‘ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड’ असं उत्तर मिळेल. सगळी मेहनत झाल्यावर हे कळण्यापेक्षा आधीच बघितलेलं बरं.

आता डिस्क शोधा. एलएसबीएलके आणि ब्लकआयडी या दोन कमांड पार्टिशनची यादी, आकार, प्रकार आणि यूयूआयडी दाखवतात. एसडीए, एसडीबी अशा नावांवर विश्वास ठेवू नका. यूएसबी जोडल्यावर ती क्रमाने बदलू शकतात. संशय असेल तर पार्टिशन आधी फक्त वाचण्यापुरतं जोडा आणि आतली /ईटीसी/ओएस-रिलीज वाचा. आपली सिस्टिम कुठली ते तिथे सरळ लिहिलेलं असतं. याच वेळी डीमेसेजवरही, म्हणजे कर्नलच्या संदेशांवरही, नजर टाका. आयओ एररच्या रांगा दिसत असतील तर डिस्कच मरायला टेकली आहे. मग दुरुस्ती बाजूला ठेवून आधी फायलींची प्रत काढा.

कुलूपबंद पार्टिशन असेल तर क्रिप्टसेटअपने उघडा. इथे एक बारकावा पुष्कळदा सुटतो : उघडताना जे नाव द्यायचं ते बिघडलेल्या सिस्टिमच्या /ईटीसी/क्रिप्टटॅबमध्ये लिहिलेलंच द्या. डेबियन आणि उबुंटूवर पुढे इनिटरॅमएफएस नव्याने बांधताना हे नाव जुळलं नाही तर नव्या गठ्ठ्यात कुलूप उघडायची सोयच येत नाही आणि पुढचं बूट पुन्हा तिथेच अडतं. एलव्हीएम असेल तर व्हीजीचेंजने व्हॉल्यूम जागे करा. बीटीआरएफएस फाइलसिस्टिम असेल तर नुसतं पार्टिशन जोडून भागत नाही, रूट ज्या सबव्हॉल्यूममध्ये आहे तो सांगावा लागतो. उबुंटूत त्याचं नाव सहसा एक ‘अॅट’चं चिन्ह असतं, फेडोरात ‘रूट’.

मग रूट पार्टिशन /एमएनटीवर जोडा, आणि त्यानंतर बाकीची पार्टिशनं त्याच्या आत : /बूट वेगळं असेल तर /एमएनटी/बूटवर, ईएफआय पार्टिशन /एमएनटी/बूट/ईएफआयवर किंवा तुमच्याकडे ते जिथे जोडलं जातं तिथे, /यूएसआर किंवा /व्हार वेगळे असतील तर तेही. काय कुठे ते बघायला /एमएनटी/ईटीसी/एफएसटॅब उघडा.

या पायरीवर जरा थांबून सांगतो, कारण इथली चूक सगळ्यात फसवी असते. समजा तुमचं /बूट वेगळ्या पार्टिशनवर आहे आणि ते जोडायचं राहिलं. रूट पार्टिशनमध्ये /बूट नावाची रिकामी डिरेक्टरी असतेच, कारण जोडायला जागा हवी म्हणून ती ठेवलेली असते. तुम्ही आत जाता, कर्नलचं पॅकेज पुन्हा टाकता, इनिटरॅमएफएस बांधता. एकही एरर येत नाही. सगळ्या नव्या फायली त्या रिकाम्या डिरेक्टरीत जाऊन बसतात. संगणक पुन्हा सुरू केला की ग्रब खऱ्या /बूट पार्टिशनमधल्या जुन्या, मोडक्या फायली उचलतो आणि पडदा जिथे होता तिथेच. वर आणखी एक घोळ : पुढे कधी ते पार्टिशन जोडलं की या नव्या फायली त्याखाली झाकल्या जातात आणि कुणालाच न दिसता जागा खात बसतात. म्हणून आत जाण्याआधी एलएस करून /एमएनटी/बूटमध्ये जुन्या कर्नलच्या फायली दिसतात का, एवढं नक्की बघा. तिथे काहीच दिसत नसेल तर काहीतरी जोडायचं राहिलंय.

उसन्या आणायच्या चार डिरेक्टरी

डिस्कवरच्या झाडात /डेव्ह, /प्रॉक, /सिस आणि /रन या डिरेक्टरी जवळजवळ रिकाम्याच असतात. त्यांच्यातला मजकूर चालता कर्नल आणि चालती सिस्टिम मेमरीतून भरत असते. बंद पडलेल्या सिस्टिमला हे कोण भरून देणार? म्हणून लाइव्ह सिस्टिमच्या या चारही डिरेक्टरी /एमएनटीच्या आत बाइंड माउंट करून उसन्या द्यायच्या. बाइंड माउंट म्हणजे एकच डिरेक्टरी दुसऱ्या पत्त्यावरही दिसू लागणं. प्रत होत नाही.

प्रत्येकीचं कारण वेगळं आहे. /डेव्हमध्ये डिस्क असतात. ती नसेल तर ग्रब म्हणतो, ‘स्लॅश कुठल्या डिस्कवर आहे ते सापडत नाही, /डेव्ह जोडलंय का?’ हा संदेश इतका सरळ आहे की तो वाचला की उत्तर मिळालंच. /प्रॉकमधून कुठे काय जोडलंय ते कळतं. /सिसमधून हार्डवेअर आणि ईएफआयच्या नोंदी कळतात. मात्र ईएफआय व्हेरिएबल ही /सिसच्या पोटातली वेगळी फाइलसिस्टिम असते, म्हणून साधं बाइंड पुरत नाही, आतल्या माउंटसकट नेणारं आरबाइंड लागतं. /रनमध्ये यूडेव्हची (उपकरणं ओळखणाऱ्या सेवेची) माहिती असते आणि एलव्हीएमच्या कमांडना तिची गरज पडते. आतून इंटरनेट हवं असेल तेव्हाही /रन कामाला येतं : बऱ्याच सिस्टिमवर /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ (साइटच्या नावांचे पत्ते कुणाला विचारायचे ते सांगणारी फाइल) ही /रनमधल्या फाइलकडे जाणारी नुसती लिंक असते. ती तुटकी राहिली की नेटवर्क चालू असूनही पॅकेज उतरवताना नाव सापडत नाही.

आरबाइंड करताना पाठोपाठ ‘मेक-आरस्लेव्ह’ द्यायला विसरू नका. सिस्टमडी असलेल्या लाइव्ह सिस्टिमवर माउंट एकमेकांशी बांधलेले असतात. शेवटी /एमएनटी सगळ्या पोटमाउंटसकट सोडवताना ती सोडवणूक बाहेरही पसरते आणि लाइव्ह सिस्टिमच्याच /डेव्हच्या आतले माउंट निघून जातात. आरस्लेव्हने ही उलटी वाट बंद होते.

आर्च या वितरणाच्या यूएसबीवर आर्च-सीएचरूट नावाची स्क्रिप्ट ही सगळी जोडाजोड स्वतः करते, आणि रेड हॅट घराण्याच्या इन्स्टॉलरमधला रेस्क्यू मोडही बरंच काम आपणहून करतो. मिळत असतील तर जरूर वापरा. पण ते काय करतात हे माहीत असलं की अडल्यावर पुढे सरकता येतं.

आत पाऊल टाकताना

आता कमांड फक्त एवढीच : सीएचरूट, मग /एमएनटी, मग /बिन/बॅश. शेवटचा भाग लिहिला नाही तरी बहुधा चालतं, पण लिहाच. तो नसेल तर कमांड तुमच्या चालू शेलचं नाव एन्व्हायर्नमेंटमधून उचलते. आर्चच्या लाइव्ह यूएसबीवर शेल असतो झेडशेल. बिघडलेल्या सिस्टिममध्ये तो टाकलेलाच नसेल तर ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असं उत्तर येतं आणि वाटतं डिस्कच रिकामी झाली की काय.

हाच संदेश आणखी एका वेळी येतो आणि तेव्हा तो चांगलाच चक्रावून टाकतो. /एमएनटी/बिन/बॅश समोर दिसते आहे, एलएस ती दाखवतेय, तरीही सीएचरूट म्हणतो फाइल नाही. याचा अर्थ बॅश सापडली, पण तिला चालवणारा डायनॅमिक लोडर सापडला नाही. बॅश एकटी चालत नाही. तिच्या आत लिहिलेलं असतं की मला मेमरीत चढवायला अमुक पत्त्यावरचा लोडर बोलवा. तो पत्ता आता नव्या रूटपासून शोधला जातो आणि तिथे तो नसेल तर कर्नल ‘फाइल नाही’ एवढंच परत कळवतो, कुठली ते सांगत नाही. याचं कारण बहुधा अर्धवट राहिलेला सी लायब्ररीचा अपडेट असतं, नाहीतर सबव्हॉल्यूम चुकलेला. आणि बॅशच दिसत नसेल तर वेगळं /यूएसआर जोडायचं राहिलंय का बघा : आजकाल बहुतेक वितरणांत /बिन ही /यूएसआर/बिनकडे जाणारी लिंक असते, त्यामुळे /यूएसआर नाही तर काहीच नाही.

आत गेल्यावर प्रॉम्प्ट बदलतोच असं नाही. /ईटीसी/ओएस-रिलीज वाचून खात्री करा.

काय बदललं नाही, ते महत्त्वाचं

रूट बदलला, पण कर्नल लाइव्ह यूएसबीचाच आहे. प्रोसेस त्याच, नेटवर्क तेच, होस्टनेमही तेच. यातून निघणारे घोटाळे ठरलेले आहेत.

पहिला घोटाळा इनिटरॅमएफएस बांधताना. ड्रॅकटला आवृत्ती सांगितली नाही तर तो चालू कर्नलची आवृत्ती विचारतो, त्याला लाइव्ह यूएसबीचा आकडा मिळतो आणि त्या आकड्याचे मॉड्यूल तुमच्या डिस्कवर नसल्यामुळे तो थांबतो. म्हणून त्याला ‘रीजनरेट-ऑल’ आणि ‘फोर्स’ हे पर्याय द्यायचे किंवा आपल्या कर्नलची आवृत्ती स्वतः लिहायची. ती /लिब/मॉड्यूल्समध्ये डिरेक्टरीच्या नावांत दिसते. डेबियन आणि उबुंटूवर अपडेट-इनिटरॅमएफएसला ‘के ऑल’ दिलं की सगळ्या कर्नलसाठी गठ्ठे बांधले जातात. आर्चवर एमकेइनिटसीपीआयओला मोठा पी.

दुसरा सेवांचा. सिस्टमसीटीएल स्टार्ट म्हटलं तर ती ‘सीएचरूटमध्ये आहे, कमांड सोडून देतो’ असं सांगते, कारण आत सिस्टमडी चालतच नाहीये. इनेबल आणि डिसेबल मात्र चालतात. त्या फक्त लिंका करतात आणि पुसतात. एखादी सेवाच बूट अडवत असेल तर तिला आतून डिसेबल करणं पुरतं.

आणि ज्या रूटमध्ये तुम्ही आहात तिची एफएससीके आतून करायची नाही. ती जोडलेली आहे. जोडलेल्या फाइलसिस्टिमवर दुरुस्ती चालवणं म्हणजे धडधडीत नुकसान. तपासणी करायची असेल तर माउंट करण्याआधी, बाहेरून. एक्सएफएस असेल तर तिथे एक्सएफएस-रिपेअर लागते.

बाकी दुरुस्त्या घरच्यासारख्या होतात. एफएसटॅबमधली ओळ सुधारा. अर्धवट अपडेट असेल तर डेबियनवर डीपीकेजीला ‘कॉन्फिगर ऑल’ सांगून पुरा करा. विसरलेला पासवर्ड असेल तर पासवर्ड बदलायची कमांड, पुढे वापरकर्त्याचं नाव. ग्रब गेलं असेल तर बायोसच्या संगणकावर ते अख्ख्या डिस्कवर बसवायचं असतं, पार्टिशनवर नाही, आणि त्यानंतर त्याचा मेनू नव्याने तयार करायचा. यूईएफआय असलेल्या फेडोरावर मात्र ग्रब-इन्स्टॉल चालवू नका. तिथे शिम (सिक्युअर बूटसाठी ग्रबच्या आधी चालणारा प्रोग्राम) आणि ग्रबची पॅकेजेस पुन्हा टाकायची ही ठरलेली रीत आहे.

लाइव्ह यूएसबी नसेल तर

ग्रबचा मेनू दिसत असेल तर आणखी दोन वाटा उरतात. मेनूत ई दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘इनिट’ बरोबर /बिन/बॅश असं जोडलं की प्रोसेस क्रमांक १ म्हणून थेट बॅश येते. रूट बहुधा फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते, म्हणून आधी ती रीमाउंट करून लिहिण्याजोगी करावी लागते. काम झाल्यावर एक्झिट म्हणायचं नाही : क्रमांक १ मेली की कर्नल पॅनिक ठरलेलं. सिंक करायचं आणि रीबूटला ‘एफ’ द्यायचा.

ड्रॅकटच्या घराण्यात दुसरी आणि जास्त नेटकी वाट आहे. त्याच ओळीत ‘आरडी.ब्रेक’ जोडलं की बूट स्विच-रूटच्या अगदी उंबरठ्यावर थांबतं. खरी रूट /सिसरूटवर तयार असते, फक्त अजून तिला रूट केलेलं नसतं. तिला लिहिण्याजोगी करायची, सीएचरूट करून आत जायचं, काम करायचं. डेबियनच्या इनिटरॅमएफएसमध्ये याच कामाला ‘ब्रेक’ बरोबर ‘बॉटम’ हा पर्याय आहे; नुसतं ‘ब्रेक’ दिलं तर खरी रूट जोडण्याआधीच बूट थांबतं. फ्रीबीएसडीत तर लोडरमध्ये ‘इनिट-सीएचरूट’ हे व्हेरिएबल दिलं की इनिट स्वतःच सुरुवातीला त्या डिरेक्टरीत सीएचरूट करून पुढे निघतो.

हे वाचून कुणाच्या मनात येईल की मग संगणकाजवळ पोचणारा कुणीही माझा पासवर्ड बदलू शकतो. हो, सहज. ग्रबला पासवर्ड लावला तरी यूएसबीची वाट उघडी राहते. याला खरा अडसर डिस्क कुलूपबंद करणं हाच. लक्सचा पासवर्ड माहीत नसेल तर वरची एकही पायरी पुढे सरकत नाही. सीएचरूटलाही तुरुंग समजू नका. आत रूट वापरकर्ता म्हणून चालणारी प्रोसेस जुन्या युक्तीने बाहेर येऊ शकते, कारण सीएचरूट फक्त रूटची नोंद बदलतो आणि प्रोसेसला आत कोंडत नाही. आतून चालवलेल्या प्रत्येक कमांडला खरी /डेव्ह दिसते, खऱ्या डिस्क दिसतात. पुसणारी कमांड देताना ही जाणीव ठेवा.

बाहेर पडताना

एक्झिट म्हटलं की जुना रूट असलेल्या बाहेरच्या शेलमध्ये परत येता. नोंद पूर्ववत करावी लागत नाही, कारण ती फक्त आतल्या बॅशची होती आणि ती बॅश आता संपली. मग अनमाउंटला मोठा आर देऊन /एमएनटी सगळ्या पोटमाउंटसकट सोडवा. ‘टारगेट इज बिझी’ आलं तर आधी स्वतः /एमएनटीच्या आत तर नाही ना ते बघा. नसाल तर पॅकेज टाकताना आत एखादी सेवा सुरू होऊन मागे राहिली असेल. फ्यूझरने ती सापडते. आळशी (लेझी) अनमाउंट करून वेळ मारून नेऊ नका. लिहिलेलं सगळं डिस्कवर उतरलं की नाही याची खात्री त्यात राहत नाही.

रेड हॅट आणि फेडोरावर मात्र बाहेर पडण्याआधी एक काम उरतं. पासवर्ड बदलला की /ईटीसी/शॅडो ही फाइल नव्याने लिहिली जाते. त्या वेळी एसईलिनक्स या सुरक्षाव्यवस्थेची धोरणं लागू नसल्यामुळे तिच्यावरचं लेबल चुकीचं राहतं आणि मग नवा, बरोबर पासवर्ड देऊनही लॉगिन होत नाही. म्हणून रूटमध्ये टिंबाने सुरू होणारी ‘ऑटोरीलेबल’ नावाची रिकामी फाइल टच करून ठेवायची. पुढच्या बूटमध्ये सगळ्या फायलींची लेबलं नव्याने लागतात आणि संगणक आपोआप आणखी एकदा रीबूट होतो. डिस्क मोठी असेल तर याला बराच वेळ लागतो. पडद्यावर काहीच हलत नाही असं वाटलं तरी मधेच बटण दाबून बंद करू नका.